हात धुता येतात, पण वॉर्डात धुतले जात नाहीत

वाचकाचं पत्र

आदरणीय मॅडम,

मी मराठवाड्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला अप्लाइड मायक्रोबायोलॉजी आणि इन्फेक्शन कंट्रोल शिकवते. वर्गात ६० मुलं-मुली आहेत. हात धुण्याच्या पायऱ्या त्यांना झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतात. ऑस्कीच्या, म्हणजे कौशल्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या, स्टेशनवर जवळजवळ सगळ्यांना पूर्ण मार्क मिळाले. पुढच्याच पोस्टिंगला मी सर्जरी वॉर्डात गेले, तर त्यातलीच एक मुलगी एकाच ग्लोव्हजवर तीन पेशंटचं बीपी घेत होती. दुसऱ्याने युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी केली आणि तसाच सलाईनकडे वळला. विचारलं तर म्हणतात, ‘मॅडम, सिस्टर म्हणाल्या लवकर आटप.’

प्राचार्य म्हणतात, सिम्युलेशन सुरू करा, म्हणजे खऱ्या पेशंटआधी पुतळ्यावर, खोट्या वॉर्डात सराव. कंपनीचं कोटेशन मागवलं तर पुतळ्याची किंमत लाखांत आहे. आमच्याकडे एक जुना पुतळा आहे, त्याचाही एक हात मोडलेला. एवढ्यावर सिम्युलेशन होतं का? आणि झालं तरी वॉर्डात त्याचा काही उपयोग होईल का?

आणखी एक. गेल्या पोस्टिंगला एका मुलीला वापरलेली सुई टोचली. तिने भीतीने दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही. हे कसं शिकवायचं?

— एक ट्यूटर

उत्तर

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो थांबू शकत नाही. त्या मुलीच्या तपासण्या झाल्यात का, हे पत्रात नाही. झाल्या नसतील तर सिम्युलेशन बाजूला ठेवा आणि उद्याच तिला घेऊन सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, जा. तिला एकटीला पाठवू नका. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि पुढे २८ दिवस घ्यावी लागतात. तो काळ उलटला असला तरी तपासणीची वेळ गेलेली नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांची आजची स्थिती नोंदवून घ्या. मग डॉक्टर सांगतील तशा सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासण्या करा. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस झालेत का, हेही बघा. मुलं घाबरतात एचआयव्हीला आणि विसरतात हिपॅटायटिसला. खरं तर एचआयव्हीबाधित रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर हाच धोका ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. लस झाली नसेल तर आताच सुरू करायची, आणि हिपॅटायटिस बीच्या इम्युनोग्लोब्युलिनची (तयार अँटिबॉडींच्या इंजेक्शनची) गरज आहे का हे त्याच भेटीत डॉक्टरांना विचारायचं. ते सात दिवसांच्या आत द्यावं लागतं.

वर्गातल्या बाकी ५९ जणांचे लसीचे कागदही याच आठवड्यात तपासा. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस आणि त्यानंतर एक ते दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी. ती पातळी १० mIU/mL किंवा त्याहून जास्त हवी. हे झाल्याशिवाय एकाही विद्यार्थ्याच्या हातात सुई द्यायची नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि यात कॉलेजांनी केलेली दिरंगाई मला कधीच पटलेली नाही.

आता पुतळ्याकडे वळू.

तुमच्या मुलांनी ऑस्कीत पूर्ण मार्क मिळवले आणि वॉर्डात तीच मुलं चुकली, यात मला विसंगती दिसत नाही. ऑस्कीच्या स्टेशनवर बेसिन दोन पावलांवर असतं, साबण असतो, पेशंट एकच असतो, मागून कुणी हाक मारत नाही आणि समोर परीक्षक कागद घेऊन उभे असतात. तिथे आपण तपासतो ते हात कसे धुवायचे. वॉर्डात प्रश्न येतो हात केव्हा धुवायचे हा. जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे पाच प्रसंग ठरवून दिलेत: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीसारख्या स्रावांशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावल्यानंतर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. हे पाचही मुलांना पाठ असणार. पण धावपळीत दुसरा आणि तिसरा प्रसंग एकाच सेकंदाला अंगावर येतात, तेव्हा तो ओळखायची सवय कुणी त्यांना लावलेली नसते.

म्हणून लाखांचा पुतळा घेऊ नका. संसर्ग पसरतो तो एका पेशंटकडून दुसऱ्याकडे, आणि मधे असतात आपले हात. कोटेशनमधला तो पुतळा श्वास घेईल, नाडी दाखवेल, बोलेलसुद्धा. पण खोलीत तो एकटाच असेल तर इन्फेक्शन कंट्रोल शिकवायला त्याचा उपयोग नाही. तुम्हाला हव्यात तीन खाटा. त्या कॉलेजात आहेतच.

मी पुरुषांचा सर्जरी वॉर्ड मांडेन. पहिल्या खाटेवर तुमचा तो हात मोडलेला पुतळा. तो म्हणजे प्रोस्टेटचे आजोबा, लघवीची नळी टाकलेली. मोडका हात चादरीखाली घाला. युरोबॅग गच्च भरलेली ठेवा आणि मुद्दाम जमिनीवर टेकवा. ती उचलून खाटेच्या कडेला, पण मूत्राशयाच्या पातळीखालीच अडकवली पाहिजे, हे कोण ओळखतं तेही कळेल. दुसऱ्या खाटेवर हर्नियाचं ऑपरेशन झालेला पेशंट. हा एक विद्यार्थीच. त्याच्या मनगटाला इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत घालतात ती बारीक नळी) नुसतं चिकटपट्टीने लावायचं, आत काही टोचायचं नाही, आणि सलाईनचा सेट उशीखालच्या रिकाम्या बाटलीत सोडायचा. तिसऱ्या खाटेवर पायाला जखम झालेले मधुमेहाचे काका, यांचं बीपी बघायचंय. दुसऱ्या खाटेच्या कडेला एक नातेवाईक बसवा. बेसिन खोलीच्या त्या टोकाला. हँडरबच्या, म्हणजे हातांवर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाच्या, दोन बाटल्या ठेवा. एक ट्रॉलीवर, दुसरी खाटेला अडकवलेली आणि रिकामी. तुमच्या वॉर्डात असंच असतं ना? मग लॅबमध्येही असंच असू द्या.

आता युरोबॅगच्या तोटीला आणि खालच्या कडेला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च मिळतो, त्याच्या उजेडात ती निळसर चमकते. बाजारात यासाठी खास चमकणारं जेल मिळतं, ते अधिक चांगलं. पण नसलं तरी अडत नाही. आदल्या दिवशी खोली अंधारी करून स्वतः करून बघा, कारण प्रत्येक टॉर्चचा उजेड सारखा नसतो. मुलांना काहीच सांगू नका.

विद्यार्थिनी आत येते. काम साधंच आहे: आजोबांची युरोबॅग रिकामी करून माप लिहायचं, दुसऱ्या पेशंटला अँटिबायोटिक द्यायचं, काकांचं बीपी घ्यायचं. वेळ दहा मिनिटं. ती ग्लोव्हज घालते, मापाचं भांडं घेते, तोटी उघडते. आणि भांडं अर्धं भरलं की नातेवाईकाने ओरडायचं, ‘सिस्टर, सलाईन संपलं बघा! हवा जाईल ना आत!’

या हाकेला न धावणारी नर्स मी पाहिलेली नाही. तीही धावेल. त्याच ग्लोव्हजनी सलाईनचं चाक फिरवून बंद करेल. नातेवाईकाला धीर देईल, पेशंटच्या खांद्यावर हात ठेवेल, इंट्राकॅथ नीट आहे ना म्हणून टोपणापाशी बोट लावून बघेल. मग परत येऊन माप लिहील. वागण्यात ती कुठेही कमी पडलेली नाही. चांगल्या नर्सने करावं ते सगळं तिने केलंय. फक्त हात मधे आले.

काम झाल्यावर पडदे लावा, दिवे घालवा आणि टॉर्च तिच्या हातात द्या. तुम्ही दाखवू नका, तिलाच शोधू द्या. तोटी चमकेल, ग्लोव्हज चमकतील, ते अपेक्षितच आहे. मग सलाईनचं चाक चमकेल. मग इंट्राकॅथचं टोपण, जिथून औषध थेट शिरेत जातं. मग केस पेपरवरचं पेन, आणि बऱ्याचदा बीपीच्या कफची कडा आणि स्वतःचा मास्क, कारण घसरलेला मास्क आपण नकळत वर ओढतो. त्या इंट्राकॅथच्या टोपणापाशी ती गप्प होते. त्या वेळी तुम्हीही गप्प राहा, लगेच समजावायला जाऊ नका.

काही बारकावे आधीच सांगते, नाहीतर पंचाईत होईल. पांढरा ॲप्रन या उजेडात आपोआप चमकतो, कारण कपडे धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी रसायनं असतात. म्हणून त्या दिवशी गडद रंगाचे कपडे घालायला सांगा, आणि चादरीही आधी टॉर्चखाली बघून घ्या. टॉर्च कुणाच्याही डोळ्यांवर मारायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही जेली जंतू नाही. हँडरबमधलं अल्कोहोल जंतू मारतं, पण जेली हातावरून काढत नाही. म्हणजे एखादीने ग्लोव्हज काढून हँडरब अगदी नीट चोळला तरी तिची बोटं चमकू शकतात. तिला ‘तू चुकलीस’ असं वाटता कामा नये. हात केव्हा स्वच्छ केले, हे निरीक्षकाने कागदावर टिपायचं. टॉर्चने फक्त स्पर्श कुठून कुठे गेला तेवढंच बघायचं. हा फरक वर्गात स्वच्छ शब्दांत सांगा, नाहीतर मुलं ‘हँडरब काही कामाचा नाही’ हा भलताच धडा घेऊन बाहेर पडतील.

डोळ्यांनी दिसलं की फरक पडतो, याला आधार आहे. अमेरिकेतल्या ईशान्य ओहायोच्या चार रुग्णालयांत आरोग्य कर्मचाऱ्यांना चमकणारं लोशन लावलेले ग्लोव्हज आणि गाऊन काढायला सांगितले होते. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ४३५ वेळा केलेल्या या प्रयोगात ४६ टक्के वेळा लोशन त्वचेला किंवा कपड्यांना लागलं. ही रोजच्या कामाला सरावलेली माणसं होती, विद्यार्थी नव्हेत. त्यानंतर एका गटाला सराव दिला आणि डाग कुठे लागला ते तिथल्या तिथे दाखवलं. त्या गटात डाग लागण्याचं प्रमाण ६० टक्क्यांवरून १८.९ टक्क्यांवर आलं, आणि तीन महिन्यांनीही ते कमीच राहिलं. नुसतं व्याख्यान देऊन हे झालं असतं असं मला वाटत नाही.

ग्लोव्हज काढण्याचा सराव त्यामुळे वेगळा घ्याच. घालण्यात फारसं कुणी चुकत नाही, घोटाळा होतो काढताना. एक ग्लोव्ह बाहेरून चिमटीत धरून काढायचा, तो दुसऱ्या मुठीत घ्यायचा, आणि मग उघड्या बोटांनी दुसरा आतल्या बाजूने उलटवायचा. ग्लोव्हजवर दाढीचा फेस लावून हे करायला लावा. फेस मनगटाला लागला की मुलं स्वतःच हसतात आणि पुन्हा करून बघतात. ग्लोव्हज निघाले की लगेच हात स्वच्छ करायचे, हँडरब असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर ४० ते ६० सेकंद. हात मळलेले दिसत असतील किंवा पेशंटला जुलाब असतील तर साबण-पाणीच.

याच जोडीने कुठे ग्लोव्हज नकोत, हेही शिकवा. बीपी बघायला, धड त्वचेवरून नाडी बघायला, केस पेपर भरायला ग्लोव्हज लागत नाहीत. तुमची ती विद्यार्थिनी तीन पेशंटना एकाच ग्लोव्हजवर हात लावत होती, कारण ग्लोव्हज घातले की आपण सुरक्षित आहोत असं तिला वाटतं. ती स्वतः असेलही. दुसरा आणि तिसरा पेशंट नव्हता. इन्चार्ज सिस्टरची नेहमीची तक्रार असते की विद्यार्थी ग्लोव्हज उधळतात. नको तिथे वापरणं थांबलं तर हवे तिथे बदलायला पुरतात, हे त्यांनाही पटेल.

आता ‘सिस्टर म्हणाल्या लवकर आटप’ या वाक्याबद्दल. मुलं बहाणा करतायत असं समजू नका, ती खरं बोलतायत. वॉर्डाच्या उतरंडीत विद्यार्थिनी सगळ्यात खाली असते. मावशी आणि मामासुद्धा तिला काम सांगतात. तिने सिस्टरला पाच प्रसंग ऐकवावेत ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणून सिम्युलेशनमध्ये एक सिस्टर हवीच. ती भूमिका चौथ्या वर्षाच्या एखाद्या धीट मुलीला द्या, किंवा तुमच्या सहकारी मॅडम करतील. तिने दारातून म्हणायचं, ‘अगं, राउंड येतोय, कशाला वेळ घालवतेस? चल, पुढचं बघ.’ आणि विद्यार्थिनीला उत्तराचे शब्द आधीच देऊन ठेवा. ‘हो सिस्टर, हात चोळते आणि आलेच.’ एवढंच. यात वाद नाही, शिकवणं नाही, नकारही नाही. पण हात स्वच्छ होतात. डॉक्टर तसेच हात घेऊन ड्रेसिंग सोडायला निघाले, तर हँडरबची बाटली पुढे करून ‘सर, हे घ्या’ म्हणायचं. तोंडातून शब्द निघायला सराव लागतो. पाच-सहा वेळा म्हटलेलं वाक्य वॉर्डात आपसूक येतं. कधीच न म्हटलेलं घशातच राहतं.

पुरेपूर वेळ द्या तो नंतरच्या चर्चेला. प्रसंग दहा मिनिटांचा असेल तर चर्चा वीस मिनिटांची. खरं शिकणं तिथे होतं, आणि आपल्याकडे घंटा झाली म्हणून नेमकी तीच कापली जाते. सुरुवातीलाच सांगून ठेवा की इथे मार्क नाहीत, इथलं इथेच राहील, आणि मोबाइलवर चित्रण केलं तर चर्चा संपल्यावर सगळ्यांसमोर पुसून टाकू. तुमचा पहिला प्रश्न ‘हात का नाही धुतलेस?’ असा नको. त्याला ‘सॉरी मॅडम’ यापलीकडे उत्तर येत नाही. विचारा, ‘त्यांनी हाक मारली तेव्हा तुझ्या मनात काय आलं?’ ती म्हणेल, हवा शिरेत जाईल असं वाटलं. मग खरी गाठ सुटते. बाटली रिकामी झाली म्हणून लगेच हवा शिरेत जात नाही, चेंबर आणि नळीत पातळी दिसत असते, ग्लोव्हज काढून हात चोळण्याइतकी सवड तिच्याकडे होती. म्हणजे तिला अडवत होती ती सलाईनची भीती. हात धुण्याबद्दल तिला सगळं माहीत होतं. हे तुम्हाला विचारल्याशिवाय कळलं नसतं.

साठ जणांचं गणित असं बसेल: दहा-दहाचे सहा गट. प्रत्येक वेळी एक जण काम करणार, दोघे पेशंट, एक नातेवाईक, एक सिस्टर, आणि उरलेले निरीक्षक. निरीक्षकांना नुसतं उभं करू नका. एकाने फक्त उजवा हात कशाकशाला लागला ते टिपायचं, दुसऱ्याने हात स्वच्छ करायची संधी किती वेळा आली आणि किती वेळा साधली ते मोजायचं. पेशंट झालेल्यांनाही विचारायला विसरू नका. खाटेवर पडून, कुणाचे तरी ओले ग्लोव्हज मनगटाला लागताना काय वाटलं, हे पेशंट झालेला मुलगाच सांगू शकतो. प्रसंग दर वेळी थोडा बदला, नाहीतर तिसऱ्या गटापर्यंत जेलीची बातमी पोचलेली असेल.

सुई टोचण्याचा प्रसंगही याच तीन खाटांवर बसवता येतो. सुई खरी नको. अँटिबायोटिक दिल्यावर तुम्ही हळूच तिला एक चिठ्ठी द्या: ‘तुला आत्ता वापरलेली सुई टोचली आहे.’ पुढचं तिने करायचं. हातातलं काम थांबवायचं, सुई पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात टाकायची, टोपण लावायचं नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची. पिळायची नाही, तोंडात घालायची नाही, वरून स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचं नाही. मग सांगायला जायचं. इथे इन्चार्जच्या भूमिकेतल्या मॅडमनी एकदा शांतपणे ऐकून घ्यावं आणि एकदा चिडावं, ‘लक्ष कुठे असतं तुमचं?’ चिडलेल्या माणसासमोरही न थांबता तीन गोष्टी सांगायच्या: मला सुई टोचली, अमुक पेशंटची, अमुक वाजता. नंतर तिने तुम्हाला फोन लावायचा, आणि तो फोन तुम्ही स्वतः घ्यायचा. हा तुमचाही सराव आहे, ताई. त्या मुलीने दोन दिवस लपवलं ते पहिल्या फोनवर काय ऐकावं लागेल या भीतीने. ‘बरं झालं सांगितलंस, तिथेच थांब, मी येते’, हे तुमच्या तोंडून साठही जणांनी एकदा ऐकलेलं असू द्या.

कचऱ्याचे डबे तुमच्या रुग्णालयात जिथे जसे आहेत तसेच मांडा. बोळे-ड्रेसिंग पिवळ्यात, नळ्या आणि ग्लोव्हज लाल्यात, सुया पांढऱ्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांचा तक्ता भिंतीवर लावून भागत नाही. हातात गुंडाळलेला आयव्ही सेट आणि मागून हाका, अशा वेळी तो लाल्यातच जातो का ते बघा.

एका धोक्याबद्दल मात्र मी कडक आहे. सरावाचं सामान आणि पेशंटचं सामान कधीही एका कपाटात ठेवायचं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत सरावासाठी बनवलेल्या, निर्जंतुक नसलेल्या सलाईनच्या पिशव्या चुकून दवाखान्यांत पोचल्या आणि खऱ्या रुग्णांना लावल्या गेल्या. अनेकांना थंडी-ताप आला, काहींच्या रक्तात संसर्ग झाला. संसर्ग टाळायला शिकवणाऱ्या सामानातूनच संसर्ग, याहून वाईट काय? म्हणून लॅबमधल्या प्रत्येक बाटलीवर, पिशवीवर, सिरिंजच्या पाकिटावर ठळक लिहा: ‘फक्त सरावासाठी, रुग्णासाठी नाही’. मुदत संपलेलं सामान वॉर्डातून आणत असाल तर आणल्याबरोबर हे लेबल लागलं पाहिजे. नकली औषधाची बाटली एप्रनच्या खिशात राहून वॉर्डात जाऊ नये म्हणून दाराशी खिसे तपासायची पद्धतच ठेवा. पुतळ्याच्या नळ्यांत आणि टाकीत पाणी साठू देऊ नका, संध्याकाळी रिकामं करून कोरडं करा. आणि त्याच्या अंगावर खरं बिटाडीन किंवा बॉलपेन लावू देऊ नका, ते डाग निघत नाहीत. बिटाडीनच्या बाटलीत साधं पाणी भरलं तरी सराव होतो.

प्राचार्यांना काय सांगायचं, असा प्रश्न तुमच्या पत्राच्या आत दडलेला आहे. त्यांना सांगा की नर्सिंगमधलं सिम्युलेशन १९११ पासूनचं आहे. ऱ्होड आयलंडच्या एका बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेसाठी माणसाच्या उंचीची बाहुली करून दिली. ‘मिसेस चेस’ या नावाने ती ओळखली गेली, आणि पुढे कितीतरी पिढ्यांच्या नर्सेस तशा बाहुल्यांवर शिकल्या. तिला वीज लागत नव्हती. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात स्किल लॅब आणि सिम्युलेशन आहेच, तेव्हा तुम्ही काही वेगळं मागत नाही आहात. लाखांच्या पुतळ्याऐवजी पैसे मागा ते हँडरब, ग्लोव्हज, चमकणारं जेल आणि टॉर्च यांसाठी, आणि दर पोस्टिंगआधी अर्धा दिवस मागा. तो अर्धा दिवस मिळवणं पैशांपेक्षा अवघड जाईल, पण त्यावर अडून बसा. वर्षातून एकदा केलेलं सिम्युलेशन फोटोपुरतं उरतं.

वॉर्डात उपयोग होईल का? अर्धा होईल, आणि उरलेला अर्धा वॉर्डावर अवलंबून आहे. खाटेजवळ हँडरबच नसेल तर कितीही शिकवलेली मुलगी हात कशाने चोळणार? वीस खाटांना एक बेसिन आणि तेही टोकाला, अशा वॉर्डात पाचही प्रसंगी साबणाने हात धुणं माणसाला शक्य नाही. तिथे खाटेशी बाटली हाच उपाय आहे. पैशांची अडचण सांगितली गेली तर रुग्णालयाच्या औषध विभागाला विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने हँडरब रुग्णालयातच बनवायची कृती दिलेली आहे: ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, सोबत थोडं ग्लिसरॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. हा विषय रुग्णालयाच्या इन्फेक्शन कंट्रोल कमिटीपुढे तुम्ही लेखी मांडा. विद्यार्थ्यांवर सोडू नका.

आणि पहिल्याच गटाच्या वेळी सर्जरी वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना बोलवा. तपासायला नव्हे, निरीक्षक म्हणून. चहा सांगा, खुर्ची द्या, टॉर्च त्यांच्याच हातात द्या. त्यांच्या वॉर्डासारखाच वॉर्ड, तीच रिकामी बाटली, तीच हाक त्या बघतील. चर्चेत त्यांना विचारा, ‘सिस्टर, तुमच्या वॉर्डात या मुलांना हात चोळायला वेळ मिळावा म्हणून काय करता येईल?’ उत्तर त्यांच्याकडून आलं तर पुढच्या पोस्टिंगला वॉर्डात ते चालेल. मग त्या पोस्टिंगच्या दुसऱ्या आठवड्यात कुणाचंही नाव न लिहिता तासभर उभ्या राहून मोजा: संधी किती आल्या, हात किती वेळा स्वच्छ झाले. तो आकडा आधी सिस्टरना दाखवा, मग मुलांना, आणि त्यानंतर प्राचार्यांना.